‘फिट’ कोण ठरवणार? जायबंदी स्टार आणि चाहत्यांच्या निष्ठेच्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघणारा वर्ग मोठा नाही, पण आहे तो पहाटे उठणारा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेआठला सुरू होणारा प्लेऑफचा (बाद फेरीचा) सामना आपल्याकडे सकाळी सहाला लागतो. तो संपेपर्यंत मिसळीची हॉटेलं उघडलेली असतात आणि दुसऱ्यांदा कट मागवेपर्यंत वाद रंगात येतो. हल्ली त्या वादाचा विषय बहुतेक वेळा एकच असतो: दुखापतीमुळे सूट घालून बाकावर बसलेल्या स्टारच्या पाठीशी किती दिवस उभं राहायचं? एकाचं म्हणणं, “संघाची किंमत असती तर खेळला असता.” दुसऱ्याचं, “गुडघा त्याचा हाय, तुझा न्हाई.”

या शहरात निष्ठा म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस ही नुसती फुटबॉल संघांची नावं नाहीत, त्यांच्यामागे पेठा उभ्या असतात. शाहू स्टेडियमवर स्ट्रायकर लंगडत बाहेर गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो, झेंडा तोच राहतो. एनबीएचं तसं नाही. शिकागोत किंवा सॅन अँटोनियोत आपली पेठ नाही. इथल्या बहुतेकांनी आधी खेळाडू धरला आणि त्याच्यामागून संघ आला. त्यामुळे तो खेळाडू जायबंदी झाला की चाहत्याच्या हातात नुसती जर्सी उरते. कोल्हापुरातला वाद अमेरिकेतल्या वादापेक्षा वेगळा सूर धरतो तो इथेच. तिकडे शहर विरुद्ध खेळाडू असा सामना असतो, इकडे एकाच खेळाडूचे दोन चाहते भांडत असतात.

तालमीत हा प्रश्न वस्ताद सोडवतो. मल्लाने पुन्हा मातीत कधी उतरायचं हे वस्ताद सांगणार, आणि तोवर खुराक चालू ठेवायचा की नाही हेही तोच बघणार. अर्थात वस्ताद असला म्हणून गुडघा ऐकतोच असं नाही. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून आले. त्या दौऱ्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. पुढचं ऑलिंपिक १९५६ चं. त्याआधी गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि तो रस्ताच बंद झाला. पण “खेळले का नाहीत” असा सवाल त्यांना कुणी केल्याचं ऐकिवात नाही. एनबीएत वस्ताद नाही. संघाचा डॉक्टर आहे, खेळाडूचा स्वतःचा डॉक्टर आहे, एजंट आहे, विमा कंपनी आहे आणि वर गॅलरी. निष्ठेचा म्हणून जो वाद दिसतो, तो मुळात ‘फिट’ हा शेवटचा शब्द कुणाचा यावरचा वाद आहे. गेल्या ५५ वर्षांत तो शब्द एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात सरकत गेला.

सुरुवात ८ मे १९७० पासून धरायची. न्यूयॉर्क निक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स, अंतिम मालिकेचा सातवा सामना. निक्सचा विलिस रीड मांडीचा स्नायू दुखावल्याने सहावा सामना खेळू शकला नव्हता. सातव्याला तो बधिर करणारं इंजेक्शन घेऊन लंगडत आला, पहिले दोन शॉट टाकले आणि निक्सचं मैदान, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, दुमदुमलं. निक्स जिंकले. रीडचे गुण किती? चार. वॉल्ट फ्रेझरने त्याच सामन्यात ३६ गुण आणि १९ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) केले, पण गोष्ट रीडचीच झाली. पुढच्या प्रत्येक जायबंदी खेळाडूला हीच फूटपट्टी लागली. ती मुळात चुकीची होती, कारण स्नायूचा ताण आणि हाडाची किंवा लिगामेंटची (हाडं जोडणाऱ्या पट्टीची) इजा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ताणलेला स्नायू बधिर करून अर्धा तास ढकलता येतो. हाड बधिर केलं तर खेळाडूला फक्त ते मोडत असल्याचं कळत नाही.

आठ वर्षांनी पोर्टलंडमध्ये नेमकं हेच झालं. बिल वॉल्टनने १९७७ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिलं होतं. १९७८ च्या हंगामात पोर्टलंडचा हिशेब ५० विजय, १० पराभव असा असताना त्याच्या पायाने दगा दिला. तरी तो प्लेऑफमध्ये इंजेक्शन घेऊन उतरला, आणि नंतरच्या एक्स-रेत डाव्या पायातलं नॅव्हिक्युलर हाड मोडलेलं दिसलं. हे घोट्याच्या पुढचं छोटं हाड. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा तोकडा असतो, म्हणून ते जुळायला वेळ घेतं आणि लवकर भार दिला की पुन्हा तडकतं. वॉल्टनने संघाच्या वैद्यकीय वागणुकीवर आक्षेप घेत ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघात बदली, मागितला, १९७८-७९ चा सगळा हंगाम बाहेर बसला आणि १९७९ मध्ये सॅन डिएगोला गेला. ज्या गावाने डोक्यावर घेतलं होतं त्याच गावात तो गद्दार ठरला. तोपर्यंत संघाचा डॉक्टर म्हणेल ती पूर्व दिशा होती. इथून खेळाडूंनी बाहेरच्या डॉक्टरकडे बघायला सुरुवात केली. पोर्टलंडने त्याची जर्सी निवृत्त केली, म्हणजे त्याचा क्रमांक मानाने राखून ठेवला, ती १९८९ मध्ये, म्हणजे राग निवायला अकरा वर्षं लागली.

ग्रँट हिलचं प्रकरण थोडक्यात आटोपतं. २००० मध्ये तो घोट्याची दुखापत घेऊनच ऑर्लँडोला आला आणि पहिल्या चार हंगामांत मिळून ४७ सामने खेळला. लोक हळहळले, चिडले ते कमी. आजच्या चाहत्याचा खरा वाद सुरू होतो डेरिक रोझपासून, आणि कोल्हापुरातल्या तिशीतल्या चाहत्यांची पहिली आठवणही बहुधा तीच.

रोझ शिकागोचाच पोरगा. नवे खेळाडू निवडण्याचा क्रम ठरवणाऱ्या २००८ च्या लॉटरीत पहिला क्रमांक मिळण्याची शिकागोच्या संघाची, बुल्सची, शक्यता १.७ टक्के होती, तरी तो मिळाला आणि त्यांनी घरचा खेळाडू उचलला. २०११ मध्ये २२ व्या वर्षी तो सर्वांत तरुण एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. डिसेंबर २०११ मध्ये पाच वर्षांचा, सुमारे ९.४ कोटी डॉलरचा वाढीव करार झाला, आणि तो लागू होणार होता २०१२-१३ पासून. २८ एप्रिल २०१२ रोजी प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात बुल्स १२ गुणांनी पुढे, दीड मिनिटाहून कमी वेळ उरलेला, आणि उडी मारताना डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांधा स्थिर ठेवणारं लिगामेंट, फाटलं. शस्त्रक्रिया १२ मे रोजी झाली. म्हणजे नव्या कराराचं पहिलं वर्ष आणि एकही सामना न खेळलेलं वर्ष एकच.

इथे वैद्यकीय हिशेब नीट बघायला हवा, कारण वादातली निम्मी वाक्यं त्याच्या अज्ञानातून येतात. एसीएल शिवून जुळत नाही, म्हणून गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) किंवा मांडीमागच्या स्नायूच्या टेंडनची पट्टी काढून तिथे बसवतात. त्याआधी सूज उतरून पाय पूर्ण सरळ होईपर्यंत दोन-तीन आठवडे थांबणं बरं, नाहीतर गुडघा आखडतो. बसवलेली पट्टी आधी कमजोर होते आणि मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून ती जीव धरते. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सर्वांत नाजूक असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सरळ रेषेत धावणं, पाचव्या-सहाव्यात उड्या, मग दिशा बदलणं, आणि धक्काबुक्कीचा खेळ नऊ महिन्यांआधी नाही. नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. परवानगी देताना जखमी पायाची ताकद आणि एका पायावरच्या उडीचं अंतर चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के आहे का हे पाहतात. यातही एक फसवणूक आहे. सहा महिने बसून चांगला पायही अशक्त झालेला असतो, त्यामुळे दोन अशक्त पायांची तुलना ९५ टक्के देऊन जाते. शिवाय मनाची तयारी वेगळी मोजावी लागते. त्यासाठी १२ प्रश्नांची एक प्रमाणित चाचणी २००८ पासून वापरात आहे.

रोझला मार्च २०१३ मध्ये, म्हणजे दहाव्या महिन्यात, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्याच्या बातम्या आल्या. तो खेळला नाही. त्यातच आदिदासने त्याच्या पुनरागमनावर जाहिरातमालिका चालवून गाव तापवून ठेवलं होतं. त्या प्लेऑफमध्ये जोकिम नोआ टाचेच्या दुखण्यासह खेळत होता, नेट रॉबिन्सन बाकाशेजारी बादलीत ओकून पुन्हा मैदानात येत होता, लुओल डेंग मणक्यातून पाणी काढण्याच्या तपासणीनंतर आजारी पडला होता, आणि कॅमेरा फिरून फिरून सूटमधल्या रोझवर. रीडची फूटपट्टी पुन्हा बाहेर आली.

तो परतला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये दहाव्याच सामन्यात दुसऱ्या, उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. हाडांमधली ही गादी शिवली तर चार ते सहा महिने जातात, पण ती टिकली तर गुडघ्याचं आयुष्य वाचतं. फाटलेला तुकडा कापून काढला तर चार-सहा आठवड्यांत मैदान, पण पुढे हाडावर हाड घासण्याची धास्ती. रोझने आधी शिवून घेतला. तोच फेब्रुवारी २०१५ मध्ये पुन्हा फाटला तेव्हा कापला आणि साधारण सहा आठवड्यांत परतला. त्याच मे महिन्यात क्लीव्हलंडविरुद्ध शेवटच्या क्षणी चेंडू बोर्डावर आपटून बास्केटमध्ये टाकत त्याने सामना जिंकला. मिटिंगला बसताना आणि मुलाच्या पदवीदानाला जाताना आपलं अंग दुखू नये, असं तो एकदा बोलून गेला होता, त्यावरून अर्ध्या शिकागोने त्याची टर उडवली होती. डॉक्टरांच्या भाषेत बघितलं तर मेनिस्कस वाचवण्यामागचा विचारही हाच. २०१६ मध्ये बुल्सने त्याला न्यूयॉर्कला पाठवलं.

संघाचा डॉक्टर ‘फिट’ म्हणतो आणि खेळाडू ‘नाही’ म्हणतो, याचं टोक २०१७-१८ मध्ये सॅन अँटोनियोच्या कावाय लेनर्डने गाठलं. मांडीच्या स्नायूच्या दुखण्यामुळे तो त्या हंगामात नऊ सामने खेळला. सॅन अँटोनियोच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, पण त्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या डॉक्टरांचं ऐकलं. दुसरं मत घेण्याचा हक्क खेळाडूंच्या करारातच आहे, त्यामुळे नियमाने त्यात काही वावगं नव्हतं. जुलै २०१८ मध्ये तो टोरंटोला गेला, जानेवारी २०१९ मध्ये जुन्या मैदानावर आला तेव्हा चेंडू हातात येताच गॅलरी हुर्यो करत होती, आणि जूनमध्ये त्याने टोरंटोला विजेतेपद मिळवून दिलं. त्याच मालिकेत पोटरी दुखावलेला केव्हिन ड्युरांट १० जूनला गोल्डन स्टेटकडून उतरला, बारा मिनिटांत ११ गुण केले आणि त्याचं टाचेमागचं अकिलीस टेंडन तुटलं. टोरंटोच्या प्रेक्षकांतून जल्लोष झाला, त्यांच्याच खेळाडूंना हात करून तो थांबवावा लागला. एकाच मालिकेत ‘बसला तो स्वार्थी’ आणि ‘खेळला तो संपला’ हे दोन्ही दिसलं. रीडची फूटपट्टी तिथेच मोडायला हवी होती.

उलटी बाजू क्रिस बॉशची, आणि ती वादात फारशी निघत नाही. २०१५ आणि २०१६ मध्ये रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तरी त्याला खेळायचं होतं. मायामी हीट नको म्हणत होतं, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना धक्काबुक्कीचा खेळ म्हणजे अंतर्गत रक्तस्रावाला आमंत्रण. २०१७ मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. त्याच वर्षीच्या, लीग आणि खेळाडू संघटनेतल्या सामूहिक करारात जिवाला धोका असलेल्या आजारांसाठी तीन डॉक्टरांचं मंडळ आलं: एक लीगचा, एक खेळाडू संघटनेचा, तिसरा त्या दोघांनी निवडलेला. वस्तादाच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था हीच. पण ती हृदयविकार आणि गुठळ्यांपुरती. गुडघ्यासाठी अजून कुणी नाही.

पैशाचं गणित समजलं की संघांची ‘निष्ठा’ही उलगडते. करार बहुतांशी हमीचे असतात, खेळाडू बसला तरी पगार मिळतो. विमा असलेल्या करारांत साधारण ४१ सामने हुकल्यानंतर पुढच्या सामन्यांच्या पगाराचा ८० टक्के भाग विमा उचलतो. मात्र सॅलरी कॅपमधली, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेतली, जागा अडून राहते. हंगामभर बाहेर असल्याचं लीगच्या डॉक्टरांनी मान्य केलं तर संघाला जखमी खेळाडूच्या निम्म्या पगारापर्यंतची, पण लीगच्या मिड-लेव्हल मर्यादेत बसणारी, बदली खेळाडू घेण्यासाठी एका वर्षाची सवलत मिळते. एवढ्यात दुसरा स्टार येत नाही. चाहत्याला जो खेळाडूचा हट्ट वाटतो, त्याच्यामागे संघाची ही घुसमट असते.

२०२३-२४ पासून ६५ सामन्यांची अट आली. एमव्हीपी किंवा ऑल-एनबीएसाठी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीसाठी) निदान इतके सामने हवेत, आणि त्यांतल्या दोन सोडून प्रत्येकात किमान २० मिनिटं. विश्रांतीच्या नावाखाली बसणाऱ्यांना वठणीवर आणायला नियम केला, पण तो दुखणं अंगावर काढायला भाग पाडतो. पहिल्याच वर्षी इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन मांडीमागचा स्नायू दुखावलेला असताना ६५ चा आकडा गाठायला खेळत राहिला.

तोच हॅलिबर्टन २२ जून २०२५ रोजी अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, आधीच ताणलेल्या पोटरीसह उतरला आणि अकिलीस तुटलं. इंडियानाने जुलैतच जाहीर करून टाकलं की २०२५-२६ मध्ये तो खेळणार नाही. “मार्चमध्ये येईल का” हा रोझच्या वेळचा प्रश्नच त्यांनी उपटून टाकला. त्याच जुलैत मिलवॉकीने एप्रिलमध्ये अकिलीस तुटलेल्या डेमियन लिलार्डला सोडलं, त्याचे उरलेले सुमारे ११.३ कोटी डॉलर पाच वर्षांवर पसरले आणि मोकळ्या झालेल्या जागेत माइल्स टर्नरला घेतलं. टर्नर कुणाचा? इंडियानाचा, हॅलिबर्टनचाच जोडीदार. आणि लिलार्ड गेला पोर्टलंडला, जिथे तो आधी अकरा हंगाम खेळला होता. दुखापतीमुळे पहिलं वर्ष बसून जाणार हे दिसत असताना पोर्टलंडने त्याला तीन वर्षांसाठी ४.२ कोटी डॉलर दिले.