ज्येष्ठमध आणि वारेवरचा पहारा

फेब्रुवारीच्या शेवटी सोलापुरात, अशोक चौकाजवळच्या एका मेडिकलमध्ये रांगेत उभी होते. माझ्यापुढे सातव्या महिन्यातली एक बाई, खोकल्याची उबळ आली की एका हातानं काउंटर आणि दुसऱ्यानं पोट धरणारी. दुकानदारानं आधी लाल औषधाची बाटली काढली. नजर तिच्या पोटाकडे गेल्यावर ती परत ठेवली आणि हिरव्या लेबलची पुढे सरकवली. "ही घ्या अक्का, आयुर्वेदिक हाय. काय होत नसतंय."

पहिली बाटली त्यानं मागे घेतली याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देते. माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे. लेबलवर अडुळसा होता, तुळस होती आणि ज्येष्ठमध होता.

आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, हे आपण शाळेत शिकलो. वारेत, म्हणजे बाळाला आईशी जोडणाऱ्या प्लॅसेंटात, ती दोन्ही रक्तं पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहतात. मग आपण वारेला गाळणी समजतो. ते अर्धं खरं आहे. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन आकारानं मोठं, ते वार ओलांडत नाही. त्याच कामाचं वॉरफॅरिन छोटं, ते सहज पलीकडे जातं. खोकल्याच्या बाटल्यांतली बहुतेक औषधंही छोटीच, म्हणजे गाळणीतून जाणारी.

पण वार नुसती गाळणी नाही, जुन्या जकात नाक्यासारखी आहे. काही माल तिथं अडवून, मोडून मगच आत सोडला जातो. यातला माझा सगळ्यात आवडता माल म्हणजे कॉर्टिसॉल, ताणाचं संप्रेरक. गरोदरपणात आईच्या रक्तात ते भरपूर वाढतं. बाळाला मात्र ते थोडंच हवं असतं, फुप्फुसं पिकवायला, आणि तेही शेवटी शेवटी. म्हणून वारेत एक विकर (एन्झाइम) पहाऱ्याला असतं, नाव अवघड: ११-बीटा-एचएसडी-२. ते कॉर्टिसॉलच्या अकराव्या कार्बनपाशी दोन हायड्रोजन काढून घेतं. एवढ्याशा बदलानं कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन होतं आणि ही किल्ली पेशीतल्या कुलपाला लागेनाशी होते.

आता ज्येष्ठमध. त्याची गोडी ज्या ग्लिसिरायझिनमुळे, त्याला चिकटलेल्या शर्करेच्या दोन कड्या आतड्यातले जिवाणू तोडतात. उरतं ते ग्लिसिरेटिनिक आम्ल. त्याची ठेवण स्टेरॉइडसारखी, त्यामुळे ते थेट त्या पहारेकऱ्याच्या जागेवर जाऊन बसतं आणि काम थांबवतं. हाच पहारेकरी आईच्या मूत्रपिंडातही असतो. तिथं त्याचं काम थांबलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या, म्हणजे मीठ सांभाळणाऱ्या संप्रेरकाच्या, कुलपात शिरतं, शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीतून जातं आणि रक्तदाब चढतो. सातव्या महिन्यात डॉक्टर दर भेटीत नेमका ज्याच्यावर डोळा ठेवून असतात, तोच.

फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या लोक आवडीनं खातात. तिथं हेलसिंकीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून जास्त ग्लिसिरायझिन पोटात गेलेल्या आयांची मुलं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर बुद्ध्यंकात सरासरी सुमारे ७ गुणांनी मागे दिसली. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारण सिद्ध करणारा नव्हे. एखाद्या दिवशी कांडी चघळली म्हणून कुणी घाबरू नये. पण मुळाच्या प्रतीप्रमाणे ग्लिसिरायझिनचं प्रमाण बदलतं, आणि बाटलीवर ते सहसा लिहिलेलं नसतं. ग्रहणात सुनेच्या हाती सुरी न देणारी सासू काढा मात्र डोळे झाकून वाटीभर पाजते, याची मला गंमत वाटते. ग्रहणाच्या सावलीनं ना विकर अडतं ना रक्तदाब चढतो.

अडुळसा तर आणखी मजेदार. त्यातल्या व्हॅसिसिनवरून कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि ब्रोमहेक्झिनपासून अँब्रॉक्सॉल. म्हणजे लाल बाटलीतली औषधं याच झाडाची नातवंडं. आणि जनावरांवरच्या प्रयोगांत व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावल्याचं दिसलेलं आहे.

लाल बाटलीबद्दलची भीतीही तपासून घ्यावी. खोकला दाबणाऱ्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनमुळे बाळात व्यंग होतं, अशी आवई १९९८ साली कोंबडीच्या अंड्यांवरच्या प्रयोगानंतर उठली. पण अंड्याला ना वार ना आईचं यकृत. औषध थेट भ्रूणाजवळ गेलं. २००१ मध्ये हे औषध घेतलेल्या १८४ गरोदर स्त्रियांचा अभ्यास छापून आला, त्यात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. खरी अडचण एका बाटलीत तीन-चार औषधं कोंबण्याची आहे. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, कोडीनचं यकृतात मॉर्फिन होतं आणि प्रसूतीच्या जवळपास घेतलेलं असेल तर नवजात बाळाचा श्वास मंदावू शकतो, काही सिरपांत अल्कोहोलही असतं. म्हणून डॉक्टरांना विचारून, एकच घटक असलेलं औषध घ्यावं. दम्याचा पंप चालू असेल तर तो मनानं बंद करू नये.

"किती दिवस झाले खोकला?" मी त्या बाईंना विचारलं.

"गड्ड्यापासनं हाय ताई."

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा जानेवारीतली. म्हणजे महिना उलटून गेला होता. त्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसाला हजार विड्या. ती धूळ नाकात जाते, बोटांच्या कातडीतून निकोटीन जातं, आणि निकोटीनचा रेणू तर कोडीनच्या जवळपास निम्म्या वजनाचा. वारेला तो अडवता येत नाही. दोन आठवड्यांपुढे खोकला गेला की क्षय नाही ना हे पाहायला आधी थुंकी तपासायची असते, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. तसं त्यांना सांगितलं.

"जाते की," त्या म्हणाल्या, "पण आज माल पोचवायचाय." आणि हिरव्या बाटलीचे पैसे त्यांनी काउंटरवर ठेवले.