रोह्याच्या डोळ्याला क्रॉसबोचा रंग

टेक्सासात नोकरीला असलेल्या आमच्या अंबाजोगाईच्या पुतण्याने परवा दोन फोटो पाठवले. क्रॉसबो (बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेलं धनुष्य) एकाच बनावटीचा, फक्त एक साधा काळा आणि दुसरा पानाफांद्यांच्या नक्षीचा. नक्षीवाला अर्थातच महाग. "काका, कोणता घेऊ?" तिथे शिकारीचा परवाना रीतसर मिळतो. आणि त्याला ज्याच्या मागे जायचंय तो प्राणी कोण, तर आपला रोहीच, म्हणजे नीलगाय! नीलगाय आणि काळवीट गेल्या शतकात टेक्सासात नेऊन सोडले गेले आणि तिथे चांगलेच रुळले.

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवतच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राची जी व्याख्या आहे, तिच्यात धनुष्यबाणही येतो. रोह्याने हरभरा फस्त केला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणं हा गुन्हाच. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कुणी क्रॉसबो मागवायच्या बेतात असेल, तर त्याने तो बेत सोडावा. पण फिनिशने, म्हणजे क्रॉसबोच्या वरच्या रंग-नक्षीने, जनावराला फरक पडतो का, हा प्रश्न मुळात हत्याराचा नाहीच, तो डोळ्याचा आहे.

जनावराला सगळं कृष्णधवल दिसतं, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते खरं नाही. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. गाय, शेळी, मेंढी, हरीण अशा ज्या खुरवाल्या प्राण्यांची मोजणी झाली आहे, त्यांच्यात त्या दोन प्रकारच्या निघाल्या. एक प्रकार 450 नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा साधारण 540 ते 555 च्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्याला.

आता खरी गंमत. एकट्या शंकुपेशीला रंग कळतच नाही. आपण किती प्रकाशकण गिळले एवढंच ती मेंदूला कळवते, ते कोणत्या तरंगलांबीचे होते हे नाही. मोंढ्यातला काटा पोत्याचं वजन सांगतो, आत तूर आहे की हरभरा ते सांगत नाही, तसं. मंद हिरवा प्रकाश आणि प्रखर नारिंगी प्रकाश एकाच पेशीत अगदी सारखा संदेश उठवू शकतात. रंग उमगतो तो दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींच्या आकड्यांचं गुणोत्तर काढल्यावर. साधारण 540 नॅनोमीटरच्या पुढे निळ्या पेशीचा प्रतिसाद जवळपास शून्यावर येतो, म्हणजे हरणापाशी एकच आकडा उरतो, आणि एकाच आकड्याचं गुणोत्तर निघत नाही. त्यामुळे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे हरणाला एकाच रंगाच्या उजळ-अंधुक छटा. लाल तर जवळजवळ काळाच. अमेरिकेत शिकाऱ्यांनी एकमेकांवर गोळी झाडू नये म्हणून अनेक राज्यांत झळझळीत नारिंगी जाकीट सक्तीचं असतं. माणसाला ते कोसभरावरून दिसतं, हरणाला त्याचं काहीच वाटत नाही.

निळ्या टोकाला मात्र पारडं उलटं फिरतं. आपल्या डोळ्यातलं भिंग बरेचसे अतिनील किरण अडवतं, हरणाचं त्यातले काही आत सोडतं. कपडे धुण्याच्या बऱ्याच पावडरींत शुभ्रता आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषतात आणि 440 नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणजे नेमका हरणाच्या निळ्या पेशीच्या आवडीचा. हजारो रुपयांचा नक्षीदार क्रॉसबो हातात आणि अंगात असल्या पावडरीत धुतलेला सदरा, तर पहाटेच्या अंधूक उजेडात तो सदराच आधी उठून दिसणार.

जाता जाता एक. रात्री शिवारात हिरवे डोळे चमकले की आमच्याकडे अजून चकवा आठवतो. हरणांच्या, कोल्ह्यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो. निसटलेला प्रकाश तो परत पेशींकडे पाठवतो, आणि चमकतो तो तुमच्याच बॅटरीचा उजेड. रानडुकराच्या डोळ्यात हा थर नसतो.

मग फिनिश? चमक नसलेला कोणताही चालेल. गुळगुळीत लाखेवरून होणारं परावर्तन खालच्या रंगाला विचारत नाही. वरचा पापुद्राच सूर्यप्रकाशाचा काही भाग, अतिनीलासकट, जसाच्या तसा परत फेकतो, आणि किरण जितके तिरपे तितका जास्त. म्हणून नक्षीवर चकचकीत थर असेल तर नक्षीचे पैसे वाया. हरणाच्या नजरेची बारकाई आपल्यापेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे ती नाजूक पानं तीस मीटरवर मिसळून एकच डाग होतात. ती पटतात दुकानातल्या गिऱ्हाईकाला. मोठे गडद-फिके पट्टे त्या मानाने उपयोगी, पण हात हलला की तेही गेलं. लोखंडी भागांना गंज लागू नये, हे फिनिशचं खरं काम.

आवाजाचा हिशेब जास्त महत्त्वाचा. सेकंदाला 400 फूट, म्हणजे सुमारे 122 मीटर वेगाचा बाण तीस मीटरला पाव सेकंद घेतो. दोरीचा आवाज मात्र 0.09 सेकंदातच पोचतो. उरलेल्या 0.16 सेकंदात सावध हरीण उसळी मारण्यासाठी अंग खाली दाबतं आणि बाण पाठीवरून जातो किंवा भलत्याच जागी लागून जनावर हाल होऊन मरतं. म्हणून दोरीचा आवाज कमी, वजन पेलणारं आणि दस्ता खांद्याला बसणारा, एवढं बघ, असं मी त्याला कळवलं. आणि बाण न लावता घोडा दाबू नकोस, कारण बाणात जायची ऊर्जा मग धनुष्याच्या लवचीक पात्यांनाच सोसावी लागते आणि ती तडकतात.

आपल्या कामाचं एवढंच की तुरीच्या बांधाला रोही येऊ नये म्हणून जुन्या साड्या बांधतात, त्यात लालभडक साडीचा आग्रह असतो. रोह्याच्या पेशी इतर खुरवाल्यांसारख्याच धरल्या तर त्याला ती काळपट दिसत असणार. तो बुजतो तो तिच्या फडफडण्याला आणि माणसाच्या वासाला. रंगच निवडायचा तर पांढरं किंवा निळं जुनेर बांधा आणि जागा बदलत राहा, नाहीतर थोड्याच दिवसांत तो त्याच्याच आडोशाला उभा राहून चरतो.