एकच पंजा, पण सूज दोन तऱ्हेची: कॅरेजिनन आणि रुईचा चीक

शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ ओवताना देठ मोडला की पांढरा चीक बोटांवर ओघळतो, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये असे घरातली वडीलधारी माणसे बजावतात. हाच चीक वाळवून, पाण्यात विरघळवून पांढऱ्या उंदराच्या तळपायात टोचला जातो आणि त्याने आलेल्या सुजेवर औषधे तपासली जातात. असे प्रयोग प्रामुख्याने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झाले. मात्र या चाचणीची गल्लत तिच्याहून जुन्या कॅरेजिननच्या चाचणीशी वारंवार होते, कारण वरून पाहता दोन्हींत काहीच फरक दिसत नाही: तेच एक टक्का द्रावण, तेच 0.1 मिलिलिटरचे इंजेक्शन, आणि घोट्यावरच्या खुणेपर्यंत पंजा द्रवात बुडवून किती द्रव वर सरकला यावरून केलेले सुजेचे तेच मोजमाप.

कॅरेजिनन लाल समुद्रशैवालांपासून काढतात आणि आइस्क्रीम दाट करण्यासाठीही वापरतात. 1962 पासून सूजविरोधी औषधांची चाचणी म्हटले की आधी त्याचेच नाव निघते. ते स्वतःबरोबर सूज आणणारे कोणतेही रसायन आणत नाही. पहिल्या तासा-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिन, पुढे कायनिन आणि त्यानंतर प्रोस्टाग्लँडिन, सूज आणणाऱ्या रसायनांचा हा सारा क्रम उंदराच्या शरीरानेच उभा केलेला असतो. सूज तीन ते पाच तासांनी शिगेला पोहोचते आणि तिथे प्रोस्टाग्लँडिनचा जोर असल्यामुळे डायक्लोफेनॅकसारखी प्रोस्टाग्लँडिन रोखणारी औषधे चांगला गुण दाखवतात.

रुईचा चीक मात्र रिकाम्या हाताने येत नाही. त्यात प्रथिने तोडणारी विकरे असतात आणि मुख्य म्हणजे स्वतःचे हिस्टामिनही असते. त्यामुळे उंदराच्या पेशींतला हिस्टामिनचा साठा आधीच रिता करून ठेवला तर चिकाची सूज बरीच उतरते, पण पूर्ण थांबत नाही. ती दोन तासांतच कळस गाठते. हिस्टामिनरोधक औषधाबरोबर प्रोस्टाग्लँडिन रोखणारे औषध दिले तर ती सर्वांत चांगली आटोक्यात येते. म्हणून एखादे नवे औषध कॅरेजिननवर फिके पडले आणि चिकावर चालले, तर ते हिस्टामिनच्या वाटेवर काम करत असावे, अशी शंका आधी घ्यावी.

सूज आणि दुखणे या दोन गोष्टीही वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि माझ्या मते चिकाच्या चाचणीचे खरे मोल इथेच आहे. पंजा किती फुगला हे पाहतानाच उंदीर पायऱ्या चढतो का, पाय दाबल्यावर कधी ओढून घेतो, पंजा किती वेळा चाटतो, हेही टिपले जाते. 2005 च्या अशाच एका अभ्यासात रोफेकॉक्सिब हे प्रोस्टाग्लँडिन रोखणारे औषध, जे 2004 साली हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घेतले गेले होते, दुखण्यावर सायप्रोहेप्टाडीन या हिस्टामिन आणि सेरोटोनिन रोखणाऱ्या औषधाच्या तोडीस तोड ठरले, पण सूज उतरवण्यात त्याच्या मागे राहिले. माणसांतही ही फारकत दिसते: डोळ्यात चीक गेलेल्या रुग्णाचे पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सुजते, दृष्टी अचानक अंधुक होते, तरी बऱ्याचदा तो वेदनेची तक्रार करत नाही.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट 1994 सालीच प्रसिद्ध झाली होती. वाळवलेला चीक उंदरांना तोंडावाटे दिला असता कॅरेजिननने आलेली सूज कमी झाली. त्यामुळे शोधनिबंधात रुईचा चीक आणि कॅरेजिनन ही नावे शेजारी-शेजारी दिसली, तर चीक तिथे सूज आणणारा म्हणून टोचला आहे की औषध म्हणून पाजला आहे, हे आधी तपासावे. आणि उंदरांवरच्या त्या निष्कर्षावरून कोणी घरी चीक चाखून पाहू नये, कारण त्यात हृदयाला घातक अशी द्रव्येही असतात.