रक्तातल्या शिशाची तपासणी: पुण्यात कोणी करावी, कुठे जावं, कोणते कागद न्यावेत

ही तपासणी कोणालाही करता येते, त्यासाठी सरकारी परवानगी लागत नाही. मात्र बॅटरीचा कारखाना किंवा दुरुस्तीचं दुकान, शिसं वितळवणं, सोल्डरिंग, जुना रंग खरवडणं अशी कामं करणाऱ्यांनी ती टाळूच नये. त्यांच्या घरातल्या लहान मुलांचीही करावी. कामाच्या कपड्यांवरची धूळ घरी येते, मुलं हात तोंडात घालतात आणि त्यांचं शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसं शोषून घेतं. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत पोचतं. बहुतेकदा लक्षण काहीच नसतं, त्यामुळे "त्रास होईल तेव्हा बघू" हे धोरण इथे चालत नाही.

कारखान्यातल्या कामगारांनी आधी कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे स्वतःच्या तपासणीच्या नोंदी लेखी मागाव्यात. शिशाची विषबाधा 1948 च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत होती, 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरांवरही कळवण्याची जबाबदारी आहे. कंपनी दाद देत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या. त्यात नेमकं काम लिहा: कोणतं यंत्र, रोज किती तास, धूर किंवा भुकटी कुठून येते, पंखा-मास्क आहे का. "प्रदूषण आहे" एवढंच लिहून भागत नाही. सोबत ओळखपत्र, पगाराची पावती आणि जुने रिपोर्ट यांच्या झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर ई-पेहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) आणि आधार घेऊन आपल्या ईएसआय दवाखान्यात जा. तिथून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. व्यवसायजन्य आजार म्हणून लाभ मागायचा असेल तर कामाचा इतिहास आणि रिपोर्ट दोन्ही लागतात. नुकसान किती हे मेडिकल बोर्ड ठरवतं.

नाना पेठेतल्या एखाद्या छोट्या दुकानात काम करणाऱ्याला यातलं बरंच लागू होत नाही, आणि मला हीच सर्वांत मोठी उणीव वाटते. त्याने ससून रुग्णालयात केस पेपर काढून डॉक्टरांना कामाबद्दल स्पष्ट सांगावं, म्हणजे तपासणी लिहून मिळेल. मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घ्या. खासगी लॅब निवडताना ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे का आणि शिशाची चाचणी त्या मान्यतेत येते का, हे विचारा.

नमुना देताना हात साबणाने धुवा. बोटाला टोचून काढलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढू शकतो. तो जास्त आला तर शिरेतून रक्त काढून खात्री करून घ्यावी. रिपोर्टवर एककही बघा: मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमधले 5 म्हणजे प्रति लिटरमधले 50. घाबरगुंडी किंवा खोटा दिलासा बऱ्याचदा इथूनच सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आकडा आला तर शिसं कुठून येतं ते शोधून थांबवायचं असतं. शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच माहीत नाही. मुलांमध्ये आकडा 45 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर तातडीने रुग्णालय गाठा, शिसं बाहेर काढणारी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांत साठलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. म्हणून लांब सुट्टीनंतरचा आकडा कामावरच्या दिवसांचा अंदाज देत नाही. काम चालू असतानाच नमुना द्या, आणि प्रत्येक रिपोर्टवर त्या दिवसांत कुठल्या विभागात होता ते पेनाने लिहून ठेवा. पुढचा अर्ज किंवा दावा करताना हीच नोंद उपयोगी पडते.