दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांचा मुक्काम नव्हे

"व्हिसा दहा वर्षांचा आहे ना, मग घाई कसली?" अमेरिकेत जोडीदाराकडे निघालेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो. साफ चूक. बी-२ या पर्यटक व्हिसावरची तारीख फक्त दार ठोठावण्यापुरती. आत किती राहायचं ते आय-९४ ही प्रवेशाच्या वेळची नोंद ठरवते, बहुधा सहा महिने. विमानाने गेलात तर ही नोंद ऑनलाइन उघडून बघावी लागते. लोक फसतात ते इथेच.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याशी लग्न झालेलं नसेल तर पती-पत्नीला मिळणारा एच-४ व्हिसा नाही, पण सोबत राहणाऱ्या जोडीदाराला बी-२ मिळू शकतो. मुदतवाढीसाठी आय-५३९ अर्ज, तोही आय-९४ संपण्याआधी. अर्ज न करता राहिलात तर तो दहा वर्षांचा व्हिसाच बाद. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलात, तर तीन वर्षं प्रवेशबंदी.