मनगटावरची तीन मीटर दोरी
जवानांसाठी पॅराकॉर्डची ब्रेसलेटं करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या रविवार पेठेतल्या दुकानात काउंटरवर पूर्वी नमुन्याचं एक ब्रेसलेट टांगलेलं असायचं. हिरवं-काळं, घट्ट विणलेलं, दिसायला देखणं. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार ताडपत्रीसाठी दोरी घ्यायला आले होते. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "आता हे सोडून दावा." टोकं आम्ही फेव्हिक्विकनं चिकटवली होती. पक्कड झाली, कटर झाला, शेवटी दातही लावून पाहिले. दहा मिनिटांनी ब्रेसलेट सुटलं तेव्हा दोरी तीन ठिकाणी कापली गेली होती. "मग ही बांगडीच झाली की," एवढंच बोलून त्यांनी ताडपत्रीच्या दोरीचे पैसे दिले.

गरज पडली की सोडून दोरी म्हणून वापरता यावं, यासाठीच तर हे ब्रेसलेट असतं. तेव्हापासून नमुन्याला गोंद नाही. हे पत्रकही त्यानंतरच लिहायला घेतलं. दरवर्षी आषाढ सरत आला की शाळांच्या बाई, महिला मंडळं आणि सोसायट्यांमधली मुलं राखीऐवजी किंवा राखीसोबत पाठवायला पॅराकॉर्ड नेतात. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात.

ही दोरी आहे तरी काय

पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटची दोरी. छत्रीचं कापड आणि उडी मारणारा सैनिक यांना जोडणाऱ्या ज्या बारीक दोऱ्या असतात, त्या ह्याच. दुसऱ्या महायुद्धात रेशमाच्या जागी नायलॉन आलं. जमिनीवर उतरलेले सैनिक वापरलेल्या पॅराशूटच्या दोऱ्या कापून जवळ ठेवू लागले, कारण तंबू ताणण्यापासून बुटाच्या नाडीपर्यंत तिचा उपयोग होता. अमेरिकी लष्कराच्या मिल-सी-5040 या मानकात तिचे प्रकार ठरवले गेले. आपण ब्रेसलेटला वापरतो तो टाइप थ्री. जाडी साधारण 4 मिलिमीटर, वर विणलेली साल आणि आत 7 ते 9 पेड. किमान 550 पौंड, म्हणजे सुमारे 250 किलो ताण सोसला पाहिजे, म्हणून बाजारात तिला '550' म्हणतात.

तिची ब्रेसलेटं हाताने विणून सैनिकांना पाठवायची पद्धत रुळली अमेरिकेत. 2003 मध्ये सुरू झालेली 'ऑपरेशन ग्रॅटिट्यूड' ही तिथली संस्था स्वयंसेवकांकडून अशी ब्रेसलेटं घेते आणि सैनिकांच्या भेटपेट्यांमध्ये घालते. आपल्याकडे राखी आधीपासूनच होती, तेव्हा मनगटाला काही बांधून पाठवायचं हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

बाजारात '550' लिहिलेली सगळीच दोरी 550 नसते, हे मात्र नीट समजून घ्या. मीटरभर तुकडा आणा आणि घरीच तपासा. टोक थोडं उसवून साल मागे सारा: आत वेगवेगळे पिळलेले पेड दिसले पाहिजेत. नुसता कापसासारखा सैल पुंजका निघाला तर ती शोभेची दोरी. दुसरी परीक्षा पाण्याची. तुकडा बादलीत टाका आणि बोटांनी दाबून आतली हवा काढा. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. पॉलिएस्टरही बुडतं, त्यामुळे एवढ्यावर नायलॉनची खात्री होत नाही, पण सर्वात हलका माल तरी पकडला जातो. आमच्याकडे नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्ही मिळतं. शाळेच्या हस्तकलेला पॉलिप्रॉपिलीन चालेल, जवानाला पाठवायचं असेल तर आम्ही ते देणार नाही.

आणि एक गोष्ट ट्रेकला जाणाऱ्यांसाठी, कारण ते विचारतातच. 250 किलो ऐकून कुणी ही दोरी घेऊन कड्यावरून उतरायचा विचार करू नये. गाठ मारली की दोरीची ताकद बरीच घटते, धारदार कातळावर साल फाटते आणि झटक्याचा ताण नुसत्या वजनाच्या कितीतरी पट असतो. माणूस टांगायची ही दोरी नव्हे.

माप

कोकणातले कोळी अजून जाळं आणि दोर वावेत मोजतात. दोन्ही हात ताणले की एक वाव, साधारण सहा फूट. एका ब्रेसलेटला दोन वावेला थोडी कमी दोरी लागते. नेमका हिशेब असा: एक इंच विणीला एक फूट दोरी, शिवाय मधल्या दोन उभ्या दोऱ्यांसाठी ब्रेसलेटच्या लांबीच्या दुप्पट. 8 इंची ब्रेसलेटला 2 मीटर 85 सेंटिमीटर आणि 9 इंचीला 3 मीटर 20. शंभर फुटी लडीतून 9 इंची नऊ ब्रेसलेटं निघतात आणि साडेपाच फुटांचा तुकडा उरतो.

ज्याचं मनगट आपण पाहिलेलंच नाही त्याला कोणतं माप पाठवायचं? आम्ही अर्धी 8 आणि अर्धी 9 इंची करायला सांगतो. वीण जाड असल्यामुळे आतला घेर लांबीपेक्षा इंचभर कमी भरतो, म्हणून 8 इंची ब्रेसलेट 7 इंची मनगटाला बसतं. घरातल्या मुलीच्या हातावर माप घेऊन केलेली ब्रेसलेटं आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. ती जवानाच्या हातात जात नाहीत.

दोरी कापायच्या आधी अख्खी लड कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवा आणि सावलीत वाळवा. नवं नायलॉन पहिल्या भिजण्याला थोडं आटतं. आधी आटवलं नाही तर पावसात ब्रेसलेट मनगट आवळतं. उन्हात वाळवू नका, नायलॉनला ऊन सोसत नाही.

वीण

पाठवायच्या ब्रेसलेटला एकच वीण, कोब्रा. मॅक्रमे केलेल्या काकूंना ती चौकोनी गाठ म्हणून ठाऊक असते. त्यांना आमच्या पत्रकाची गरज नाही, त्यांनी फक्त हात सैल सोडू नये.

दोरी मधोमध दुमडा. दुमड बकलच्या एका भागातून काढून तिच्यातून दोन्ही टोकं ओवून घ्या. मग ती टोकं बकलच्या दुसऱ्या भागातून काढून दोन भागांमधलं अंतर 8 किंवा 9 इंच ठेवा. मध्ये ताणलेल्या या दोन दोऱ्या म्हणजे गाभा. तो शेवटपर्यंत हलत नाही. बाहेर उरलेल्या दोन दोऱ्यांनी विणायचं. डावी दोरी गाभ्यावरून उजवीकडे न्या, डावीकडे तिचा अर्धगोल राहू द्या. उजवी दोरी तिच्यावरून खाली, गाभ्याच्या मागून डावीकडे आणि त्या अर्धगोलातून वर. ओढा. पुढची गाठ उलट बाजूने, उजवीकडून.

चूक इथेच होते. दोनदा एकाच बाजूने गाठ मारली की पट्टा जिन्यासारखा पिळत जातो. कुठून सुरुवात केली होती हे फोन वाजला की विसरतंच. त्यावर उपाय सोपा आहे: गाभ्याच्या पुढून जाणारी दोरी पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत एकच असते. तिच्या टोकाला सुरुवातीलाच चिकटपट्टीचा तुकडा लावा. चहा पिऊन परत बसलात तरी चिकटपट्टीवाली दोरी ज्या बाजूला आहे, तिथून पुढून न्यायची.

ताण सारखा ठेवा. नवखा माणूस पहिल्या दहा गाठी जीव खाऊन आवळतो आणि पुढे दमून सैल पडतो, मग ब्रेसलेट एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला फुगलेलं दिसतं. चार-पाच गाठी झाल्या की बोटाने वर सरकवून बसवत चला.

ओढल्याबरोबर सरसर सुटणारीही एक वीण आहे. प्रात्यक्षिकाला ती छान दिसते. पण तिचा फासा खिळ्याला किंवा बॅगेच्या चेनला अडकला तर नको तेव्हा सुटतो, म्हणून पाठवायच्या ब्रेसलेटला नको.

टोकं

शेवटची गाठ झाली की दोन्ही टोकं आतल्या बाजूने मागच्या दोन-तीन गाठींखाली ओवून घ्या. बोथट चिमटा लागतो, तो आमच्या किटमध्ये आहे. पाच मिलिमीटर ठेवून कापा. लायटरची ज्योत टोकाजवळ आणा, टेकवू नका. साल आक्रसते, आतले पांढरे पेड पारदर्शक होतात, त्याच क्षणी ज्योत बाजूला करा आणि चमच्याच्या पाठीने दाबा. बोटाने नाही. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि चिकटल्यावरही भाजत राहतं. चिकटलंच तर ओढून काढू नका, हात वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि डॉक्टरला दाखवा. शाळेत हे काम फक्त शिक्षकांनी करायचं.

थंड झाल्यावर ते टोक स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून बघा. ओरखडा उठला तर परत तापवून दाबा. टोकाचा मणी मसुराच्या दाण्याएवढा पुरे. तेवढा असला की रोजच्या वापरात गाठ सुटत नाही आणि गरज पडली तर मणी कापून अख्खी दोरी मोकळी होते. यासाठीच गोंद नको.

काय लावू नये

शिट्टी, होकायंत्र, चकमक आणि छोटं पातं असलेली बकलं बाजारात आहेत. आम्हीही मागितली तर आणून देतो, पण या कामासाठी नाही. त्या बटणाएवढ्या होकायंत्राची सुई आमच्या दुकानातच तीन दिशांना उत्तर दाखवते. धातूची बकलं आणि मणीही टाळा: सियाचीनसारख्या ठिकाणी गार धातू कातडीला लागून चालत नाही. प्लास्टिकचं बकल दोरीच्या कितीतरी आधी तुटतं किंवा सुटतं, आणि ते चांगलंच आहे. यंत्रात किंवा शिडीवर हात अडकला तर मनगटाऐवजी बकल गेलेलं बरं.

रंग काळा, ऑलिव्ह हिरवा किंवा मातकट. तिरंगी ब्रेसलेटाची मागणी सर्वात जास्त असते आणि आम्ही सर्वात जास्त वेळ त्यावरच वाद घालतो. गणवेशावर हातात काय घालायचं हे युनिटच्या शिस्तीवर असतं. गडद एकरंगी ब्रेसलेट हातात नाही तरी बॅगेला किंवा पाण्याच्या बाटलीला अडकवता येतं, भडक बहुधा पेटीतच राहतं. तिरंगा सोबतच्या चिठ्ठीवर काढा. लडीच्या उरलेल्या तुकड्यातून बॅगेची किंवा जॅकेटची चेन ओढायची छोटी दोरी होते, जाड हातमोज्यात तिचा उपयोग ब्रेसलेटपेक्षा जास्त.

पाठवताना

ओळखीतलं कुणी सैन्यात असेल तर सर्वात सोपं. पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि 'द्वारा 56 एपीओ' किंवा '99 एपीओ' (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) असतं, गावाचं नाव नसतं. पुढचं लष्कराचं टपाल बघतं. हा पत्ता सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका आणि पार्सलचा फोटो पत्त्यासकट काढू नका. ओळखीचं कुणी नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारा. पुण्यातल्यांना खडकीचं पॅराप्लेजिक (पाठीच्या कण्याच्या इजेने अपंगत्व आलेल्या जवानांचं) पुनर्वसन केंद्र जवळ आहे, तिथेही आधी विचारून, किती हवीत ते समजून मगच जा. न विचारता दोनशे ब्रेसलेटं घेऊन दारात उभं राहणं म्हणजे त्यांचंच काम वाढवणं.

राखीपौर्णिमेसाठी पाठवायचं असेल तर महिनाभर आधी टाका. मुदत चुकली तर 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन आहेच. पार्सलमध्ये लायटर, काडेपेटी किंवा बॅटरी घालू नका, टपालात ते चालत नाही. आमचं किट कुरिअरने मागवलं तर त्यातही याच कारणाने लायटर नसतो. दरवर्षी दोघं-तिघं तक्रार करतात.

ब्रेसलेट कसं सोडायचं याची चार ओळींची चिठ्ठी प्रत्येकासोबत घाला: मणी कापा, शेवटची गाठ उलट ओढा, तीन मीटर दोरी मिळेल. चिठ्ठीचा नमुना काउंटरवर फुकट आहे.

पहिलं ब्रेसलेट पाठवायच्या आधी दुकानात घेऊन या. तुमच्यासमोर ते आम्ही सोडून बघू, दोरी तुमची तुम्हाला परत. सोमवारी दुकान बंद असतं.