कलप चढतो लवकर, उतरतो सावकाश

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी लग्नसराई जवळ आली की पार्लरमध्ये हमखास ऐकू येतं, ‘ताई, कायच्या काय रंग झाला, नीट करून द्या न.’ काळ्यावर सोनेरी चढवायला जावं आणि डोकं नारिंगी व्हावं, हा प्रकार आता नेहमीचाच.

आपल्याकडे केसांची निगा म्हणजे माक्याचं तेल आणि मेहंदी. लोखंडी कढईत रात्रभर भिजवायची, चहाचं पाणी आणि आवळकाठी घालायची. लोखंडाशी गाठ पडून आवळा काळा पडतो, म्हणून लेप काळपट दिसतो. मेहंदीचं पान मात्र तांबूस-नारिंगी हा एकच रंग देतं. त्यातलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट धरून बसतं.

काळा कलप आला तो युरोपातल्या रसायनशास्त्रातून. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरातल्या रसायनांपासून कृत्रिम जांभळा रंग काढला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हायड्रोजन पेरॉक्साइडने केस फिके करून दाखवले गेले. १८८३ मध्ये पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमीन) या रसायनाच्या कलपाचं पेटंट झालं आणि १९०९ मध्ये यूजीन शुएलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केसांच्या रंगांची आपली कंपनी काढली, तीच आजची लॉरिआल. आजचे बहुतेक टिकाऊ काळे कलप त्याच पीपीडीच्या घराण्यातले. पुढे किराणा दुकानात पुड्या आल्या. पाण्यात कालवा, लावा, धुवा. ‘काळी मेहंदी’ नावाच्या कित्येक पुड्यांतही पीपीडीच असतं, आणि खरी फसगत इथेच होते.

रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत. आधी बसलेला रंग काढावा लागतो, म्हणजे ब्लीच. कानामागची एक बट घेऊन फॉइलमध्ये ठेवली की कळतं: काळी, मग तांबडी, मग नारिंगी, मग पिवळी. मुळाजवळचे नवे केस टाळूच्या उष्णतेने भराभर उजळतात. मधले, दहादा कलप पडलेले, नारिंगीवरच अडून बसतात. डोक्यावर पट्टे पडतात ते असे. मग नको ती झाक मारायला वरून हलका रंग, म्हणजे टोनर: नारिंगी मारायला निळसर, पिवळा मारायला जांभळट. पण असमान केसावर टोनरही असमानच बसतो. मेहंदीत निळीच्या पानांची पूड मिसळलेली असली तर ब्लीचनंतर हिरवट झाक येते. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, त्यांच्याशी पेरॉक्साइडची गाठ पडली तर केस तापून तुटूही शकतात.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक भर. त्या पाण्याने धुतलेले केस आधीच रखरखीत, त्यात ब्लीच. म्हणून चांगल्या पार्लरवाल्या हे काम एका बैठकीत उरकत नाहीत. दोन-तीन बैठका, मध्ये काही आठवडे. लग्न चार दिवसांवर आलेलं असलं की वाद होतो, आणि मला विचाराल तर तो होऊ द्यावा.

‘आधी काय लावलं होतं?’ याचं उत्तर बहुधा ‘साधी मेहंदीच’ असं येतं. पुडीवर तसंच छापलेलं असतं, त्यात बाईची काय चूक? त्यामुळे जाणत्या पार्लरवाल्या आता तोंडी उत्तरावर थांबत नाहीत, घरातली रिकामी पुडी आणायला सांगतात.